गच्ची पांढरी केली तरी रात्री घर तापतं कसं? वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात इमारती आणि विजेच्या खर्चावर चार ओळी काय लिहिल्या, प्रश्नांचा पाऊसच पडला. सगळे घेणं शक्य नाहीये, त्यामुळे जे परत परत आलेत तेवढेच घेतेय.

प्रश्न: ताई, आम्ही सगळ्यात वरच्या मजल्यावर राहतो. मागच्या वर्षी गच्चीला पांढरा कोट मारला, दुपारी फरक पडला पण रात्री अकरा वाजता पण छताला हात लावला तर गरमच. रंगवाला म्हणतो अजून दोन कोट मारा. मारू का?

उत्तर: आधी गच्ची धुवून बघा हो! पांढऱ्या रंगाची सगळी कमाल तो स्वच्छ असेपर्यंतच, नवा असताना साधारण 80 टक्के ऊन परत फेकतो आणि एका वर्षाच्या धुळीत त्यातला बराच भाग जातो, मग वरून कितीही कोट मारले तरी पुढच्या वर्षी परत तेच. रंगाचा उपयोग मात्र खरा आहे. भर उन्हात काळपट छत 65 अंशांच्या वर जातं आणि चांगलं पांढरं छत त्याच्यापेक्षा 25-28 अंशांनी थंड राहू शकतं. यात अजून एक गंमत आहे, नुसतं ऊन परतवून भागत नाही, जी थोडी उष्णता शिरली ती इन्फ्रारेडच्या, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या उष्णतेच्या किरणांच्या रूपात बाहेर फेकता पण आली पाहिजे. पांढरा रंग हे दुसरं काम मस्त करतो, चकचकीत पत्रा करत नाही, म्हणूनच पत्रा आरशासारखा चमकला तरी चटका देतो. हीच दोन कामं टोकाला नेऊन स्टॅनफर्डच्या संशोधकांनी 2014 मध्ये एक अगदी पातळ थरांचा आरसा केला होता, 97 टक्के ऊन परत फेकणारा, आणि तो भर उन्हात, विजेशिवाय, आजूबाजूच्या हवेपेक्षा जवळपास 5 अंशांनी थंड राहिला. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा दोनदा वाचलं.

आता तुमच्या रात्रीचं. काँक्रीटचा स्लॅब दिवसभर उष्णता पितो आणि काही तासांनी खाली सोडतो, म्हणजे तुम्ही झोपायला जाता तेव्हा त्याची ड्युटी सुरू होते. लोकांना वाटतं जाड काँक्रीट म्हणजे उष्णता अडणार, तसं अजिबात नाहीये. 5 सेंटीमीटर थर्माकोल जेवढी उष्णता अडवतो तेवढी अडवायला काँक्रीट जवळजवळ 2 मीटर जाड लागेल. त्यामुळे पैसे घालायचेच असतील तर इन्सुलेशनमध्ये घाला, आणि ते स्लॅबच्या वरून, खालून फॉल्स सीलिंगमध्ये नाही, कारण खालून लावलं तर स्लॅब तापायचा तो तापतोच. फक्त वॉटरप्रूफिंग नीट झालं पाहिजे, भिजलेलं इन्सुलेशन म्हणजे असून नसल्यासारखं. आणि पश्चिमेची भिंत किंवा खिडकी मोकळी उन्हात असेल तर बिचाऱ्या छताला एकट्याला दोष देऊ नका.

प्रश्न: आमची बिल्डिंग ग्रीन सर्टिफाइड आहे, घेताना 30 टक्के वीज वाचेल म्हणून सांगितलं होतं. बिल आधीच्या साध्या घरापेक्षा जास्त येतंय. फसवलं का आम्हाला?

उत्तर: फसवलं असं लगेच म्हणणार नाही, पण तुमचा प्रश्न एकट्याचा नाही एवढं नक्की. यावर इतकं संशोधन झालंय की त्याला स्वतःचं नाव आहे, परफॉर्मन्स गॅप, म्हणजे कागदावरची इमारत आणि प्रत्यक्षातली इमारत यातली दरी. सर्टिफिकेट बऱ्याचदा डिझाइनवर मिळतं. सॉफ्टवेअरमध्ये इमारत उभी करतात, माणसं किती वाजता येतील, एसी कितीवर लावतील हे सगळं गृहीत धरतात, आणि शिवाय ते 30 टक्के कशाच्या तुलनेत तर एका काल्पनिक साध्या इमारतीच्या. तुमच्या जुन्या घराच्या तुलनेत नाही! हे विकताना कोणी सांगत नाही.

या विषयात मला सगळ्यात आवडतं ते काम जुनं आहे, 1970 च्या दशकातलं. अमेरिकेत न्यू जर्सीमध्ये ट्विन रिव्हर्स नावाची वसाहत आहे, तिथे प्रिन्स्टन विद्यापीठाच्या रॉबर्ट सोकोलो आणि त्यांच्या टीमने बरीच वर्षं ठाण मांडून मोजमापं केली. घरं एकसारखी, एकाच नकाशाची, हवामान अर्थातच एकच, तरी घर गरम ठेवायला लागणारा एका घराचा गॅस दुसऱ्याच्या दुप्पट किंवा त्याहून जास्त. मग घरं विकली गेली, नवीन माणसं आली, तर त्याच घराचा खर्च पण बदलला. म्हणजे खाणारं घर कमी आणि राहणारी माणसं जास्त. पण थांबा, सगळं माणसांवर ढकलून बिल्डर सुटला असं पण नाही, कारण त्याच टीमला दिसलं की माळ्यावर इन्सुलेशन घातलेलं असूनसुद्धा हिशेबापेक्षा कितीतरी जास्त उष्णता वर पळतेय. शोधलं तर घरांमधल्या भिंतीच्या आणि पाइपांच्या कडेला फटी होत्या, गरम हवा त्या फटींतून इन्सुलेशनला वळसा घालून सरळ माळ्यावर! नकाशात फट कोण काढतं? हे पकडायला दारात मोठा पंखा बसवून घरातली हवा खेचतात आणि कुठून किती आत शिरते ते मोजतात, त्याला ब्लोअर डोअर टेस्ट म्हणतात. जर्मनीत सुरू झालेल्या पॅसिव्ह हाऊसच्या, म्हणजे अगदी कमी ऊर्जेत चालणाऱ्या घरांच्या, नियमात ही टेस्ट सक्तीची आहे, 50 पास्कल दाबाला घरातली हवा तासाला 0.6 पटीपेक्षा जास्त बदलता कामा नये. 1991 मध्ये डार्मस्टाटला पहिलं असं घर वापरात आलं, आणि त्याचा दबदबा टिकला तो मोजून दाखवल्यामुळे, असं माझं मत.

तर तुम्ही काय करा, सोसायटीकडे एकच गोष्ट मागा: राहायला आल्यानंतरचे मीटरचे आकडे, कॉमन लाइट, पंप, लिफ्ट, घरं सगळं वेगवेगळं. ते कोणी ठेवलेलेच नसतील (बहुतेक नसतातच) तर 30 टक्के वाचले की नाही हे त्यांना तरी कुठून कळणार.

प्रश्न: एसी 24 वर ठेवा म्हणतात, आमच्या ऑफिसात 21 वर असतो आणि निम्मे लोक जॅकेट घालून बसतात. योग्य आकडा कोणता?

उत्तर: असा एक आकडा नाहीये. माणसाला किती तापमान बरं वाटतं याचं डेन्मार्कचे संशोधक फँगर यांचं 1970 मधलं गणित प्रसिद्ध आहे, पण ते बंद चेंबरमध्ये माणसं बसवून काढलेलं, आणि जगभरचे एसी बरीच वर्षं त्यावर चालले. पुढे डी डिअर आणि ब्रेगर या संशोधकांनी 160 इमारतींमधल्या सुमारे 21,000 नोंदी तपासल्या, तेव्हा दिसलं की जिथे खिडक्या उघडता येतात तिथली माणसं बाहेरच्या हवामानाप्रमाणे जास्त गरम खोलीत पण खुशाल बसतात. खिडकी आपल्या हातात आहे याचाच अर्धा गारवा असावा 😄 पंखा लावला तर 2-3 अंश जास्त सहज चालतात. पंखा खातो फार तर 75 वॅट, दीड टनाचा एसी त्याच्या वीसपट. बॉसला हा हिशेब दाखवा.

प्रश्न: सिमेंट एवढं वाईट असेल तर आपण सगळे मातीची घरं का बांधत नाही? मातीचं घर थंड पण असतं.

उत्तर: थंड असतं यात एक पोटकलम आहे. माती उष्णता अडवत नाही, ती साठवते. जिथे रात्री हवा चांगली गार होते तिथे जाड भिंत रात्रीत रिकामी होते आणि दिवसा परत उष्णता प्यायला तयार, पण जिथे रात्र पण दमट आणि उकाड्याची तिथे तीच भिंत रात्रभर तुम्हाला शेकत बसेल. ओल आणि भूकंप हे वेगळे विषय, त्यात आत्ता शिरत नाही.

सिमेंटबद्दल मात्र बोलते, कारण माणसाने सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडपैकी 7-8 टक्के एकट्या सिमेंटचा. आणि भट्टीला सोलर लावून हे सुटत नाही, चुनखडी तापवून क्लिंकर (जो दळून सिमेंट होतं तो भाजलेला खडा) करताना दगडातूनच वायू निघतो, एकूणातला साधारण 60 टक्के वाटा त्याचाच. मग उपाय काय तर क्लिंकरच कमी वापरा. स्वित्झर्लंडच्या ईपीएफएल या तंत्रविद्यापीठात कॅरेन स्क्रिव्हनर यांनी क्युबा आणि भारतातल्या संशोधकांना सोबत घेऊन एलसी3 नावाचं सिमेंट विकसित केलं, त्यात क्लिंकर निम्मं, 30 टक्के भाजलेली चिकणमाती, 15 टक्के तशीच चुनखडीची पूड आणि बाकी जिप्सम. माती 700-850 अंशांवर भाजली तरी चालते, क्लिंकरला 1450 लागतात. वायू सुमारे 40 टक्क्यांपर्यंत कमी होतो. म्हणजे तुमची माती आलीच की घरात, फक्त गोणीतून आली.

प्रश्न: आमची चाळीस वर्षं जुनी इमारत पाडून नवीन ग्रीन टॉवर बांधायचं चाललंय. पर्यावरणाला चांगलंच ना?

उत्तर: इमारत धोकादायक असेल तर चर्चाच नको, पाडा. पण ठणठणीत असेल तर सावकाश. जुन्या इमारतीतलं स्टील, सिमेंट, विटा बनवताना निघालेला कार्बन कधीच हवेत जाऊन बसलाय, नव्याचा मात्र पहिल्याच दिवशी नव्याने जाणार, आणि बचत येणार थेंबाथेंबाने. 2011 मध्ये अमेरिकेतल्या एका अभ्यासाने हिशेब मांडला होता की 30 टक्के जास्त कार्यक्षम अशी नवी इमारत बांधली तर बांधकामाचं हे कार्बनचं कर्ज फिटायला प्रकारानुसार 10 ते 80 वर्षं लागतात. मीटिंगमध्ये आर्किटेक्टला दोनच गोष्टी विचारा, आहे त्याच इमारतीला छताचं इन्सुलेशन, खिडक्यांना बाहेरून सावली आणि नवे पंप-लिफ्ट बसवले तर किती वीज वाचेल, आणि तुमच्या टॉवरचं हे कार्बनचं कर्ज कितव्या वर्षी फिटेल. दुसऱ्याचं उत्तर लेखी घ्या.