फोनच्या पोटाखालचं लेबल: वाचकांचे प्रश्न

आकाशात गडगडायला लागलं की आई लँडलाइनला हातच लावू देत नाही. आम्ही लहानपणापासून तिची चेष्टा करत आलो, आता नातवंडंही करतात. यात खरंच काही तथ्य आहे का?

आईंचं शंभर टक्के बरोबर आहे, नातवंडांना हे वाचून दाखवा. लँडलाइनची तार म्हणजे तांब्याचा लांबच लांब धागा, खांबांवरून नाहीतर जमिनीखालून कुठून कुठून येतो आणि शेवटी तुमच्या कानाला लावलेल्या रिसीव्हरमध्ये संपतो. वीज तुमच्या घरावर पडायलाच पाहिजे असं नाही, त्या लाइनच्या जवळपास कुठेही पडली तरी तो दणका तारेतून घरात येऊ शकतो. लाइन घरात शिरते तिथे एक छोटी डबी असते ना, तिच्यात बऱ्याचदा गॅस भरलेली बारीक नळी असते, व्होल्टेज एकदम चढलं की ती सगळा दणका अर्थिंगमध्ये उतरवते. पण अर्थिंगची वायर जागेवर असेल तरच! आणि हीच वायर मी कितीतरी घरांत तुटलेली पाहिलीये, रंगकामाच्या वेळी कोणीतरी डबी काढून परत लावतं, वायर लोंबकळत राहते आणि कुणाच्या लक्षातही येत नाही कारण तिच्याशिवाय फोन अगदी छान चालतो. आज जाऊन बघा, हात लावू नका, नुसतं बघा, आणि सुटलेली दिसली तर लाइनमनला बोलवा.

गडगडाटात बोलायचंच असेल तर मोबाइल किंवा कॉर्डलेसचा हँडसेट चालेल, कारण हातात तार नाही. कॉर्डलेसचा बेस मात्र जळू शकतो, म्हणून त्याची लाइन आणि प्लग दोन्ही काढून ठेवा, पण वादळ सुरू व्हायच्या आधी, विजा चमकत असताना काढायला जाऊ नका. शेवटचा गडगडाट ऐकल्यावर अर्धा तास तरी थांबायचं.

सॉकेट स्वतःच दुसऱ्या खोलीत हलवायचंय. फोनच्या लाइनला फक्त ४८ व्होल्ट असतात असं वाचलं, मग भीती कसली?

४८ व्होल्ट डीसी हे फोन ठेवलेला असताना. उचलला की ते खूप खाली येतं. पण रिंग येते तेव्हा त्याच दोन तारांत साधारण ७५ ते ९० व्होल्ट एसी येतं, आणि फोन कधी येणार हे तुम्हाला कुठे माहीत असतं? मी काम शिकत होतो तेव्हा स्टुलावर उभं राहून वायरचं टोक दाताने सोलत होतो, तेवढ्यात रिंग आली. जबडा बधिर झाला तो वेगळाच, पण दचकून मी स्टुलावरून खाली आलो आणि मनगट मोडलं. त्या दिवसापासून एकच नियम, बाहेरून येणारी लाइन आधी डबीतून सोडवायची, मगच वायर उघडी करायची.

ओल्या जागी सॉकेट नको, म्हणजे बाथरूम, सिंकच्या शेजारी, ओल येणारी भिंत, कुठेच नको. आणि वायर मिळेल ती बारीक घेऊ नका, पॅकिंगवर २६ गेज किंवा त्याहून जाड लिहिलेलं बघा (गेजचा आकडा जितका लहान तितकी वायर जाड). २६ गेज म्हणजे आतली तांब्याची तार साधारण ०.४ मिलिमीटरची. बोलायला त्याहून बारीक पण पुरते, पण बाहेर कुठे विजेची तार फोनच्या तारेवर पडली तर तो करंट बारीक कॉर्डला तापवून पेटवू शकतो, अट त्यासाठी आहे.

बहिणीने अमेरिकेतून कॉर्डलेस आणलाय, बॉक्सवर डेक्ट ६.० लिहिलंय. आम्ही अमेरिकेत राहत नाही. वापरला तर चालेल का?

चालू होईल, पण लावू नका. डेक्ट म्हणजे कॉर्डलेस फोनची एक ठरलेली पद्धत, आणि ६.० हे नुसतं नाव आहे, गिगाहर्ट्झ नव्हेत. हे फोन १९२० ते १९३० मेगाहर्ट्झवर चालतात, तर युरोपातले डेक्ट १८८० ते १९०० वर. अडचण अशी की जगात खूप ठिकाणी १९२० पासून पुढचा पट्टा मोबाइल कंपन्यांना दिलेला आहे, तुमच्या मोबाइलचा आवाज टॉवरकडे जातो तो ह्याच पट्ट्यातून. म्हणजे तुमचा बेस घरात बसून आजूबाजूच्या टॉवरच्या कानात ओरडत राहणार, आणि त्याचा त्रास कोणाला होईल, त्यावेळी ॲम्ब्युलन्स बोलावणारा कोणी असेल का, हे तुम्हाला कळणारही नाही. फोन उलटा करून खालचं लेबल वाचा. त्यावर फक्त एफसीसी (अमेरिकेची दूरसंचार नियामक संस्था) लिहिलं असेल तर तो अमेरिकेच्या नियमात बसतो एवढंच कळतं, तुमच्या देशाची मंजुरी वेगळी असते. ॲडॉप्टरही तपासा, अमेरिकेत १२० व्होल्ट आहे, फक्त तेवढ्याचाच ॲडॉप्टर २३० ला लावला तर जळणार.

बहिणीचं मन मोडेल हे कळतंय, तरीपण.

एकाच लाइनवर पाच जुने फोन जोडलेत, आता रिंग अगदी क्षीण वाजते.

लेबलवर आरईएन म्हणून आकडा असतो का बघा, रिंग वाजवायला तो फोन लाइनवर किती भार टाकतो ते त्यावरून कळतं. जुन्या घंटीवाल्या एका फोनचा भार म्हणजे साधारण १. सगळ्यांची बेरीज अमेरिकेत ५ पर्यंत, ब्रिटनमध्ये ४ पर्यंत धरतात, एक्सचेंज लांब असेल तर त्याहून कमी धरा. एकेक काढत जा, रिंग सुधारेल.

कॉर्डलेसमध्ये साधे सेल टाकले तर?

अजिबात नको. बेस त्यांना चार्ज करायला जाणार आणि ते गळतील किंवा फुटतील. चार्ज होणारेच, बहुतेक वेळा निकेल मेटल हायड्राइडचे (NiMH) १.२ व्होल्टचे लागतात.

फायबर घेतलं, आता फोन मॉडेमला जोडलाय. घरातलं जुनं वायरिंग तसंच वापरू का?

वापरता येतं, पण बाहेरची जुनी तांब्याची लाइन आधी डबीतून पूर्ण सोडवून घ्या, ती जिवंत राहिली तर तिचे व्होल्ट मॉडेमच्या फोन पोर्टमध्ये घुसतात आणि पोर्ट जातो. दुसरं जास्त महत्त्वाचं. जुन्या लाइनला वीज एक्सचेंजमधून यायची म्हणून घरातले दिवे गेले तरी साधा फोन चालायचा. आता मॉडेम बंद म्हणजे फोनही बंद. घरात म्हातारं माणूस एकटं असेल तर मॉडेम आणि फायबरची डबी दोन्ही बॅटरी बॅकअपवर ठेवा, मग एकदा मेन स्विच बंद करून स्वतः फोन लावून बघा, आणि हे त्यांच्यासमोर करा, म्हणजे दिवे गेल्यावर कुठला फोन उचलायचा ते त्यांच्या हाताला माहीत होईल.

गॅसचा वास आला तर लगेच घरातल्याच फोनवरून तक्रार करायची ना?

नाही हो! उचलताना आतल्या कॉन्टॅक्टवर ठिणगी पडू शकते. लँडलाइन, कॉर्डलेस, मोबाइल, काहीही तिथे वापरू नका. सगळ्यांना घेऊन बाहेर पडा, लांब गेल्यावर मगच फोन करा.