शाळेला पत्र लिहा, त्यावर तारीख घाला

मध्य न्यू जर्सीतल्या सरकारी शाळेत मी 22 वर्षं ईएसएल शिकवते, म्हणजे घरी दुसरी भाषा बोलणाऱ्या मुलांना इंग्रजी. या सदरासाठी यंदा आलेल्या पत्रांमध्ये काळजीचा सूर जास्त आहे. वॉशिंग्टनमधल्या बातम्यांनी घरोघरचे आईबाबा धास्तावलेत. म्हणून यावेळी थोडीच पत्रं घेतली आहेत, पण उत्तरं सविस्तर देते.

"ताई, शिक्षण खातं बंद होणार असं रोज ऐकतोय. आमची मुलगी तिसरीत आहे, तिचा आयईपी (विशेष शिक्षणाचा लेखी आराखडा) आहे आणि आठवड्यातून दोनदा शाळेतच स्पीच थेरपी मिळते. ती बंद होईल का? आम्ही आतापासूनच खासगी थेरपिस्ट शोधतोय, पण खर्च झेपत नाहीये."
– एक बाबा, डॅलसजवळून

दादा, खासगी थेरपिस्ट शोधायची घाई करू नका. तुमच्या मुलीची थेरपी खात्याच्या मर्जीवर चालत नाही, कायद्यावर चालते. तो कायदा खात्यापेक्षा जुना आहे. अपंगत्व किंवा शिकण्यातल्या अडचणी असलेल्या प्रत्येक मुलाला सरकारी शाळेत मोफत आणि योग्य शिक्षण मिळालंच पाहिजे, या कायद्यावर 29 नोव्हेंबर 1975 रोजी राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांनी सही केली. शिक्षण खात्याचं काम सुरू झालं ते मे 1980 मध्ये. कायद्याला आज आयडीईए म्हणतात, आणि तो रद्द करायचा तर काँग्रेसलाच, म्हणजे इथल्या संसदेलाच, करावा लागेल. खातं कायमचं मोडायचं तरी तेच. 20 मार्च 2025 चा राष्ट्राध्यक्षांचा आदेश खातं बंद करण्याच्या दिशेने पावलं टाका असं सांगतो. त्याने कायदा पुसला जात नाही.

पैशाचंही सांगते. सरकारी शाळांच्या खर्चात केंद्राचा वाटा साधारण दहा डॉलरला एक डॉलर, बाकी राज्याचा आणि तुमच्या घरपट्टीचा. विशेष शिक्षणाच्या जादा खर्चाचा 40 टक्के भार उचलू, असं काँग्रेसने 1975 मध्येच म्हटलं होतं. आजवर एकदाही तेवढा उचललेला नाही.

मग बदललं काय? देखरेख. खात्यात सुमारे 4,100 माणसं होती, मार्च 2025 च्या कपातीत ती जवळजवळ निम्मी करायचं ठरलं आणि जुलैमध्ये सुप्रीम कोर्टाने ती कपात पुढे चालू ठेवायला मुभा दिली. नोव्हेंबरमध्ये खात्याची बरीच कामं कामगार खात्यासारख्या इतर खात्यांकडे देण्याचे करार झाले. नागरी हक्कांच्या तक्रारी ऐकणारी 12 प्रादेशिक कार्यालयं होती, त्यातली सात बंद केली. त्यात तुमचं डॅलस आहे आणि आमचं न्यूयॉर्कही.

हे मला फार लागतं, आणि टेक्ससवाल्यांना तर लागायलाच हवं. तुमच्या राज्याने 2004 पासून विशेष शिक्षण घेणारी मुलं साडेआठ टक्क्यांच्या आसपासच असावीत, असा आकडाच ठरवून ठेवला होता. हजारो मुलांना गरज असून दारातूनच परत पाठवलं गेलं. 2016 मध्ये ह्यूस्टनच्या वर्तमानपत्राने ते बाहेर काढलं. मग केंद्राच्या शिक्षण खात्याची माणसं टेक्ससमध्ये आली, पालकांच्या बैठका घेतल्या आणि जानेवारी 2018 मध्ये राज्याने कायदा मोडल्याचं लेखी दिलं. असं येऊन बघणारं माणूस कमी झालं, की पालकांना स्वतःच जास्त जागं राहावं लागतं.

म्हणून एवढं करा. पुढच्या एआरडी बैठकीत (आयईपीच्या बैठकीला तुमच्याकडे हेच नाव आहे) थेरपीची मिनिटं कागदावर लिहिली आहेत का ते बघा: आठवड्यातून किती वेळा, किती मिनिटं, एकटीला की गटात. प्रत्येक सत्राची नोंद लेखी मागा. सत्रं बुडत असतील, तर राज्याच्या शिक्षण विभागाकडे लेखी तक्रार करता येते. घटनेला एक वर्ष व्हायच्या आत करायची, आणि विभागाने 60 दिवसांत निर्णय द्यायचा असतो. त्याला वकील लागत नाही. फी लागत नाही. ही वाट वॉशिंग्टनमधून जातच नाही.

"ताई, माझा मुलगा साडेपाच वर्षांचा, किंडरगार्टनमध्ये. अजून तीन शब्दांचं वाक्य जेमतेम बोलतो. बाई म्हणतात, घरात दोन भाषा आहेत म्हणून होतंय, एक वर्ष थांबू. शक्यतो इंग्रजीच बोला असंही म्हणाल्या. माझे मिस्टर म्हणतात, तपासणी केली तर मुलावर कायमचा शिक्का बसेल. सासूबाई म्हणतात, हेही उशिराच बोलायला लागले होते. मला रात्र रात्र झोप नाही."
– एक आई, मध्य न्यू जर्सी

तुझं पत्र तीन वेळा वाचलं. मी तुझ्याच जागी उभी होते. माझा थोरला चार वर्षांचा होता तेव्हा शाळेतल्या एका बाईंनी मला हेच सांगितलं होतं: मराठी थांबवा. मी थांबवली, तब्बल 14 महिने. दर रविवारी वाईहून त्याच्या आजीचा फोन यायचा. "बोल ना रे सोन्या," ती म्हणायची, आणि तो रिसीव्हर कानाला लावून गप्प उभा राहायचा. इंग्रजी काही वाढलं नाही. पुढे आम्ही गाव बदललं. तिथल्या स्पीच थेरपिस्टने पहिल्याच भेटीत विचारलं, "तुमच्या भाषेत तो किती शब्द बोलतो?" तोवर हा प्रश्न मला कुणीच विचारला नव्हता. उत्तर द्यायला माझ्याकडे काही नव्हतं. मीच त्याची भाषा बंद केली होती.

दोन भाषांमुळे मूल बोलायचं थांबत नाही. अडचण असेल तर ती दोन्ही भाषांत दिसते. म्हणून आज एक वही घे. तो मराठीत जे बोलतो ते जसंच्या तसं लिही: पाणी, नको, अजून, काऊ, बाबा गेला. कधी म्हणाला, कुणाला म्हणाला, तेही लिही. दोन आठवड्यांची अशी वही तपासणाऱ्यांना फार उपयोगी पडते. मराठी येणारा तपासनीस शोधून सापडत नाही, पण कायदा सांगतो की शक्य असेल तिथे तपासणी मुलाच्या भाषेत व्हायला हवी. आणि फक्त इंग्रजी कमी येतं म्हणून मुलाला अपंग ठरवता येत नाही. याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. घरी मराठी आहे एवढ्यावरून तपासणी टाळणंही बरोबर नाही.

"एक वर्ष थांबू" या शब्दावर मला राग येतो. त्या बाईंचा हेतू चांगला असेल. पण वर्गात थोडी जादा मदत देऊन बघू, मग ठरवू, असं म्हणत तपासणी लांबवता येत नाही, हे केंद्राने जानेवारी 2011 मध्ये सगळ्या राज्यांना पत्राने कळवलेलं आहे. आणि तू तोंडी विचारलंस. तोंडी विचारलेल्याची फाइलमध्ये नोंद होत नाही, दिवस मोजायला सुरुवात होत नाही.

तर आज रात्री पत्र लिही. डिस्ट्रिक्टच्या (तुझ्या भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या मंडळाच्या) विशेष शिक्षण विभागाच्या डायरेक्टरना, प्रत प्रिन्सिपलना. वर तारीख. मजकूर चार ओळींचा पुरे: मुलाचं नाव, जन्मतारीख, शाळा, त्याच्या बोलण्याबद्दल आणि शिकण्याबद्दल मला काय काळजी वाटते, आयडीईए कायद्याखाली चाइल्ड स्टडी टीमकडून (तपासणी करणाऱ्या तज्ज्ञांच्या गटाकडून) त्याची पूर्ण तपासणी व्हावी अशी माझी विनंती आहे, बैठकीला मराठी दुभाषी हवा. (इंग्रजी चांगलं येत असलं तरी माग. अशा बैठकीत घशाशी हुंदका आला की इंग्रजी आधी जातं, हे मी खूप आयांच्या बाबतीत पाहिलंय.) ईमेलने पाठव आणि छापील प्रत ऑफिसात देऊन तुझ्या प्रतीवर शिक्का घे.

न्यू जर्सीत पत्र पोचल्यापासून 20 दिवसांत तुझ्याबरोबर बैठक घेऊन तपासणी करायची की नाही हे ठरवावं लागतं. शाळेच्या सुट्ट्या त्यात धरत नाहीत, पण उन्हाळ्याची सुट्टी धरतात, म्हणून जूनमध्ये गप्प बसायचं नाही. तू संमतीवर सही केलीस की 90 दिवसांत तपासणी, निर्णय आणि पात्र ठरला तर आयईपी सुरू, इतकं सगळं व्हायला हवं. नकार दिला तर तोही कारणांसह लेखी द्यावा लागतो. त्यांच्या तपासणीशी तू सहमत नसशील, तर डिस्ट्रिक्टच्या खर्चाने बाहेरच्या तज्ज्ञाकडून तपासणी मागता येते. बैठकीतच आयईपीवर सही करू नकोस. घरी आण, वाच, मिस्टरांना वाचायला दे.

मिस्टरांना माझा निरोप सांग. शाळेची फाइल गोपनीय असते. फेर्पा नावाचा 1974 चा कायदा आहे, काही ठरावीक अपवाद सोडले तर पालकांच्या लेखी संमतीशिवाय ती बाहेर देता येत नाही, आणि तुम्ही मागितलीत तर 45 दिवसांत तुम्हाला दाखवावी लागते. कॉलेजला जाणाऱ्या मार्कांच्या पत्रकावर आयईपी लिहिलेला नसतो. गरज संपली की तो बंदही होतो. दर तीन वर्षांनी पुन्हा तपासणी होते ती त्यासाठीच. शिक्क्याची भीती मला समजते, पण मदतीशिवाय मागे पडलेल्या मुलाला वर्गातली मुलं जी नावं ठेवतात, ती मी कानांनी ऐकली आहेत.

मदतीला माणूस हवं असेल तर प्रत्येक राज्यात केंद्राच्या निधीतून चालणारं पालक मार्गदर्शन केंद्र असतं. आपल्या राज्यात ते स्पॅन. फोन उचलणारी बरीच मंडळी स्वतः अशाच मुलांचे आईबाप आहेत. सल्ला फुकट.

आणि आजपासून त्याच्याशी मराठी बोल. भरपूर बोल.

"आम्ही पुण्याहून जूनमध्ये फ्रीमाँटला आलो. मुलगी दुसरीत. शाळेच्या फॉर्मवर 'घरी कोणती भाषा बोलता' असे चार प्रश्न आहेत. ओळखीचे सगळे म्हणतात, सगळीकडे इंग्लिश लिहा, नाहीतर ईएसएलमध्ये टाकतील. आम्ही एच-फोर व्हिसावर आहोत, त्याचाही काही त्रास?"
– एक आई, कॅलिफोर्निया

खरं लिहा. मराठी. फॉर्मवरून कुणाला कुठे टाकत नाहीत, फॉर्मवरून फक्त चाचणी होते. कॅलिफोर्नियात प्रवेशापासून 30 दिवसांत. मुलगी इंग्रजीत तयार असेल, तर तिथेच विषय संपतो. नसेल, तर मदत मिळते, आणि ती नको असल्यास नाकारायचा हक्क तुम्हाला आहे. मात्र नाकारलीत तरी वार्षिक चाचणी द्यावी लागते.

ही मदत तुमच्याच भागातल्या आईबापांनी लढून मिळवलेली आहे. सॅन फ्रान्सिस्कोतल्या चिनी कुटुंबांच्या सुमारे 1,800 मुलांना न समजणाऱ्या भाषेत नुसतं बसवून ठेवलं होतं. लाउ विरुद्ध निकोल्स या खटल्यात 1974 मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की सगळ्यांना तेच पुस्तक दिलं म्हणजे समान वागणूक झाली असं नाही. या निकालावर आधारलेली 2015 ची सविस्तर मार्गदर्शक सूचना खात्याने ऑगस्ट 2025 मध्ये मागे घेतली. निकाल मात्र जागेवर आहे.

इंग्रजी माध्यमातून आलेल्या आपल्या मुलांचं काय अडतं ते सांगते. माझ्या वर्गात पुण्याचाच एक मुलगा होता, गणितात पहिला. "तीन क्वार्टर आणि दोन डाइम म्हणजे किती?" या प्रश्नाला त्याने पाऊण लिहिलं आणि पुढे डाइमपाशी अडून बसला. पाव, अर्धा, पाऊण पक्कं पाठ. क्वार्टर हे 25 सेंटचं आणि डाइम हे 10 सेंटचं नाणं असतं, हे त्याला कुणी दाखवलंच नव्हतं. मी पर्समधून नाणी काढून त्याच्या हातावर ठेवली. दोन मिनिटांचं काम होतं, पण ते करायला कुणीतरी नेमलेलं असावं लागतं.

व्हिसाची काळजी नको. वयाचा आणि पत्त्याचा पुरावा लागतो, तेवढा द्या. मूल कोणत्या कागदावर देशात आलं यावरून सरकारी शाळेचं दार बंद करता येत नाही, हे 1982 पासून ठरलेलं आहे.

"मुलगी बारावीत, जन्म मिशिगनचा. मी एच-वन व्हिसावर, पत्नी एच-फोरवर. आम्ही नागरिक नाही, मग फॅफ्सा (कॉलेजसाठी केंद्राच्या आर्थिक मदतीचा फॉर्म) भरून काय उपयोग?"
– एक वडील, डेट्रॉइटजवळून

भरा. मुलगी नागरिक आहे, पात्रता तिची बघतात. तुम्ही पतीपत्नी टॅक्स एकत्र भरत असाल तर पालकांपैकी एकाचीच माहिती आणि सही पुरते. फॉर्म फुकट आहे, त्यासाठी कुणालाही पैसे देऊ नका. तुम्ही राहता ते घर आणि निवृत्तीचे पैसे त्यात मोजत नाहीत. ठाण्याचा फ्लॅट तुमच्या नावावर असेल तर तो मात्र मोजतात, लपवू नका. दोन मुलं एकाच वेळी कॉलेजात असण्याची पूर्वीची सवलत आता या हिशेबात नाही.

पालकांच्या नावावर मिळणारं पेरेंट प्लस कर्ज एच-वनवर मिळत नाही. ग्रीन कार्डवाल्या मित्रांना सांगा, 1 जुलै 2026 पासून त्यालाही नव्या कर्जदारांसाठी मर्यादा आहे: एका मुलामागे वर्षाला 20,000 डॉलर आणि एकूण 65,000. मुलीला स्वतःच्या नावावर पहिल्या वर्षी 5,500 पर्यंत मिळू शकतं. फॉर्मसाठीचं ऑनलाइन खातं तिलाच उघडू द्या, तिच्याच ईमेलवर, आणि पासवर्ड तिच्याकडेच राहू द्या. तिथे होणारी सही तिची आहे.