फ्रेम घ्या, पण तिच्यामागे भाडं लावून घेऊ नका

प्रश्न थोडक्यात असा: खानापूरच्या एका वाचक ताईंना सासूबाईंसाठी घरात डिजिटल फोटो फ्रेम लावायची आहे. वायफायवाली 10 इंची फ्रेम 14,999 रुपयांना, सहा महिन्यांच्या ‘नो कॉस्ट’ ईएमआयवर मिळते. फोनवरच्या गूगल खात्याची मोफत 15 जीबी जागा भरल्याने वर्षाला 1,300 रुपयांचा क्लाउड प्लॅनही, म्हणजे इंटरनेटवरची भाड्याची जागाही, घ्यायचा विचार आहे. बेळगावात मेमरी कार्डावर चालणारी साधी फ्रेम 6,500 ला आहे. मुलगा पुण्यात असतो, नातू घरी. काय घ्यावं?

ताई, तुम्ही दोन वेगळे खर्च एकाच पिशवीत घातलेत. मोफत जागा भरलीय हा एक प्रश्न, सासूबाईंना फोटो दिसावेत हा दुसरा. दुसऱ्यासाठी क्लाउड लागतच नाही.

हिशेब पाच वर्षांचा करू. वायफाय फ्रेम 14,999, प्लॅनचे 6,500. ‘नो कॉस्ट’मध्ये व्याजाइतकी सूट मिळते खरी, पण ईएमआय क्रेडिट कार्डावर असेल तर त्या व्याजावरचा 18 टक्के जीएसटी तुम्हीच भरता. व्याजदर 16 टक्के धरला तर तो सुमारे 120 रुपये होतो. प्रोसेसिंग फी 199 धरली तर करासह 235. एकूण 21,850 च्या आसपास. साधी फ्रेम 6,500, 32 जीबीची दोन कार्डं 800, मूळ फोटोंसाठी घरात 1 टीबीची हार्ड डिस्क 6,000 आणि तुमच्या 40 जीबी फोटोंची दुसरी प्रत पुण्याला ठेवायला 128 जीबीचा पेनड्राइव्ह 1,000 धरा. झाले 14,300, आणि दरवर्षी काही भरायचं नाही. मुलगा गणपतीला आला की पेनड्राइव्ह ताजा करून परत न्यायचा. फ्रेममधलं कार्ड म्हणजे बॅकअप नव्हे, हे मात्र पक्कं लक्षात ठेवा.

विजेची काळजी नको. 8 वॅटची फ्रेम रोज 12 तास चालली तर महिन्याला तीन युनिटसुद्धा होत नाहीत. कर्नाटकच्या गृहज्योती या मोफत वीज योजनेत तुम्हाला मंजूर झालेल्या युनिटांत बसलात तर हेस्कॉमच्या बिलात काहीच फरक नाही.

घेण्याआधी एक फुकटचा प्रयोग करा. शंभर फोटो पेनड्राइव्हवर घालून घरच्या टीव्हीवर पंधरा दिवस स्लाइड शो लावा. सासूबाई दोन दिवसांत पुन्हा मालिकेकडे वळल्या, तर 6,500 सुद्धा वाचले.

साध्या फ्रेमवर लोक वैतागतात ते कार्ड नीट न भरल्यामुळे. कार्ड फॅट32 मध्येच (कार्डावर फाइली मांडायची ही जुनी पद्धत) फॉरमॅट करा. 64 जीबी आणि त्यावरची कार्डं एक्सफॅट या नव्या पद्धतीत येतात आणि पुष्कळ फ्रेम ती वाचत नाहीत. आयफोनचे एचईआयसी फोटोही दिसत नाहीत, म्हणून जेपीजी करून घ्या. कॉम्प्युटरवर इरफानव्ह्यू या फोटोंच्या प्रोग्रॅममधल्या बॅच कन्व्हर्जनने सगळे फोटो एकदम फ्रेमच्या रिझोल्यूशनला, म्हणजे बहुधा 1280 × 800 ला, बसवा. मग एक फोटो साधारण 300 केबीचा होतो आणि हजार फोटो 300 एमबीत मावतात. मूळचे 5-6 एमबीचे फोटो तसेच घातले तर स्वस्त फ्रेम प्रत्येक फोटोला अडखळते. आडवे पडलेले फोटो त्याच वेळी फिरवून सेव्ह करा, कारण फोनमध्ये सरळ दिसणारा फोटो फ्रेममध्ये आडवा येऊ शकतो. फाइलींना 0001, 0002 अशी नावं द्या, नाहीतर लग्नाच्या मध्येच बारसं येतं.

उभा फोटो 16:10 च्या पडद्यावर निम्मीसुद्धा जागा व्यापत नाही, दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या. तुमच्याकडे स्टुडिओतले जुने उभे फोटो जास्त असतील तर 4:3 ची 8 इंची फ्रेम पाहा. आकाराने लहान, पण चेहरे जवळजवळ तेवढेच दिसतात.

अल्बममधले फोटो मात्र पुढच्या पावसाळ्याआधी स्कॅन करा. तुमच्याकडच्या दमट हवेत ते एकमेकांना चिकटतात, आणि ओढून काढले की वरचा थर सुटतो. 6 × 4 इंचांचा फोटो 300 डीपीआयला, म्हणजे इंचाला 300 ठिपक्यांनी, 1800 × 1200 पिक्सेलचा होतो, फ्रेमला पुरेसा. कायमच्या साठवणीसाठी 600 ठेवा. फ्रेमवर वाचलेला पैसा इथे खर्च झाला तर मला काही वाटणार नाही.

पुण्याहून येणारे नवे फोटो? व्हॉट्सॲप फोटो बारीक करतं, पण या पडद्याला ते पुरतात. नातवाने महिन्यातून एकदा दुसरं कार्ड भरून बदलायचं. त्यासाठीच दोन कार्डं. घरात असं करणारं कुणी नसतं आणि मुलगा परदेशातून रोज फोटो पाठवत असता, तर मी वायफाय फ्रेमच घ्या म्हटलं असतं. तिची अडचण एवढीच, की कंपनीने सर्व्हर बंद केला की फोटो पाठवायची वाटही बंद.

दुकानातच एक उभा फोटो, एक व्हॉट्सॲपवरचा आणि एक स्कॅन केलेला असे तीन फोटो घातलेलं कार्ड लावून पाहा. मग चालू फ्रेमची पिन काढून परत लावा. स्लाइड शो आपोआप सुरू झाला नाही तर ती घेऊ नका; पावसाळ्यात लाइट जाऊन आली की दर वेळी सासूबाईंना रिमोट शोधावा लागेल.