फोन अन् टॅबमधले जुने बुकमार्क एकदम कसे काढायचे? फोल्डर कसे लावायचे?

भाऊ, अँड्रॉइडवर क्रोम असन तर वरचे तीन टिंब दाबा, बुकमार्क उघडा, एकावर बोट दाबून धरलं की तो सिलेक्ट होते, मंग बाकीच्यांवर टिक करत जा अन् सगळे एकदम डिलीट करा, नाहीतर मूव्ह करून फोल्डरमध्ये टाका. आयपॅडवर सफारीत साइडबारचं चिन्ह, मंग बुकमार्क, मंग एडिट, नवीन फोल्डरही तिथंच होते.

पण सिंक (म्हणजे एकाच खात्यावरच्या सगळ्या मशिनींत बुकमार्क सारखेच ठेवणं) चालू असलं तर फोनमधून काढलेलं टॅब अन् कॉम्प्युटरमधूनही जाते, म्हणून आधी कॉम्प्युटरवर क्रोमच्या बुकमार्क मॅनेजरमधून एक्सपोर्ट करून एचटीएमएल फाइल (म्हणजे बुकमार्कची एक प्रत) ठेवाच, हे मी सगळ्यांनाच सांगतो. फोल्डर तीन-चारच बरे, वीजबिल, नागपूर विद्यापीठाचे रिझल्ट, रेल्वे असे, जास्त केले की शोधण्यातच वेळ जाते.