वाचकांचे प्रश्न : भयपटातले भूत आणि ते लपवणारी माणसे

प्रश्न : भयपटांवरील लेखांत नेहमी वाचायला मिळते की अमुक राक्षस म्हणजे अणुबॉम्ब, तमुक पिशाच म्हणजे वर्णद्वेष. हे अर्थ दिग्दर्शकाच्या मनात खरोखर असतात, की समीक्षक ते मागाहून चिकटवतात? — एक वाचक, मिरज

उत्तर : दोन्ही घडते. १ मार्च १९५४ रोजी अमेरिकेने प्रशांत महासागरातील बिकिनी बेटांवर हायड्रोजन बॉम्बची चाचणी घेतली. तिची किरणोत्सारी राख दूरवर मासेमारी करणाऱ्या एका जपानी बोटीवर पडली, बोटीवरील २३ जण आजारी पडले आणि त्यांच्यापैकी बिनतारी यंत्र सांभाळणारा कर्मचारी सप्टेंबरमध्ये दगावला. त्यानंतर सहा आठवड्यांच्या आत, ३ नोव्हेंबरला, इशिरो होंडा यांचा ‘गोजिरा’, म्हणजे आपल्या परिचयाचा गॉडझिला, जपानमध्ये प्रदर्शित झाला. त्याच्या सुरुवातीलाच समुद्रात अचानक लखलखाट होतो आणि एक बोट पेटते. येथे समीक्षकाने वेगळे काही सांगण्याची गरजच नव्हती, कारण तो संदर्भ टोकियोच्या प्रेक्षकाने वर्तमानपत्रांत आधीच वाचलेला होता. मला मात्र या चित्रपटात राक्षसापेक्षा संसदेतले दृश्य अधिक बोलके वाटते. हा प्राणी अणुचाचण्यांमुळे बाहेर पडला आहे असे शास्त्रज्ञाने सांगताच एक सभासद ही माहिती गुप्त ठेवा, नाहीतर परराष्ट्रसंबंध बिघडतील, असा आग्रह धरतो आणि समोरच्या बाकांवरील महिला सभासद त्याच्यावर तुटून पडतात. दोन वर्षांनी अमेरिकेत जी आवृत्ती लावण्यात आली, तिच्यात रेमंड बर हा अमेरिकी नट वार्ताहर म्हणून घालण्यात आला आणि अणुस्फोटांविषयीचे बरेचसे बोलणे गाळण्यात आले. अर्थ काय आहे, हे कात्री चालवणाऱ्यांनाही नेमके कळले असावे.

याच्या उलट उदाहरण अमेरिकी दिग्दर्शक जॉर्ज रोमेरो यांच्या ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’चे (१९६८) आहे. यात कृष्णवर्णीय नायक रात्रभर चालत्या मृतदेहांशी झुंज देऊन जिवंत राहतो आणि सकाळी मदतीला आलेल्या बंदूकधारी गोऱ्यांच्या टोळीकडून, त्यालाही त्या मृतदेहांपैकीच एक समजले गेल्यामुळे, मारला जातो. ड्वेन जोन्स यांना ही भूमिका केवळ त्यांची चाचणी सर्वांत उत्तम झाली म्हणून दिली, असे रोमेरो कायम सांगत आले. चित्रपट पूर्ण करून त्याची प्रत न्यूयॉर्कला नेत असताना मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येची बातमी त्यांनी मोटारीतल्या रेडिओवर ऐकली. त्या वर्षीच्या प्रेक्षकाने तो शेवट जसा पाहिला, तसा तो संहितेत कोणी लिहिलेला नव्हता. पण म्हणून तो अर्थ खोटा ठरत नाही. त्यामुळे भूत कशाचे प्रतीक आहे, हा प्रश्न मी सहसा विचारत नाही. गोष्टीतले सत्य आधीपासून कोणाला ठाऊक होते आणि तो गप्प का राहिला, हे पाहणे मला अधिक उपयोगाचे वाटते.

प्रश्न : आमच्या लहानपणीच्या हिंदी भयपटांत हवेली आणि ठाकूर हमखास असत. आता ते दिसेनासे का झाले? — एक वाचक, नागपूर

उत्तर : हे हवेलीचे भयपट प्रामुख्याने काढणाऱ्या रामसे बंधूंच्या हवेल्यांमागे पहिले कारण पैशांचे होते. ‘दो गज जमीन के नीचे’ (१९७२) हा चित्रपट त्यांनी महाबळेश्वरला मुक्काम ठोकून तयार जागांवर चित्रित केला, कारण सेट उभारणे परवडणारे नव्हते. तरीही ती जुनी वास्तू ज्या काळात पडद्यावर आली, तो काळ विसरता येत नाही. जमीनदारी कायद्याने गेली होती, संस्थानिकांचे तनखे १९७१ मध्ये बंद झाले होते आणि त्या दिवाणखान्यांत आधी काय काय घडले असेल, याची कल्पना करायला प्रेक्षक मोकळा झाला होता. ‘पुराना मंदिर’मध्ये (१९८४) ठाकुराच्या घराण्यावर शाप असतो आणि तो भोगावा लागतो घरातल्या बायकांना, बाळंतपणात जीव गमावून. पूर्वजांचे देणे लेकीसुनांनी फेडायचे, हा हिशेब त्या काळी कोणाला खटकला नाही, हेच मला अधिक भीतिदायक वाटते.

राम गोपाल वर्मा यांच्या ‘भूत’मध्ये (२००३) हवेलीच्या जागी मुंबईतल्या उंच इमारतीतला फ्लॅट येतो. आधी तिथे राहणाऱ्या बाईचा मृत्यू झाला आहे, हे नवऱ्याला ठाऊक असते. जागा हातची जाऊ नये म्हणून तो ते बायकोला सांगत नाही. या शहरात घर शोधलेल्या कोणालाही त्या नवऱ्याचा मोह समजेल. वाडा पुन्हा आला तो ‘तुंबाड’मध्ये (२०१८), पण १९१८ पासून स्वातंत्र्यापर्यंतच्या कोकणात आणि सोन्याच्या हावेसाठी. १९४९ च्या कायद्याने खोती, म्हणजे कोकणातली जमीनदारी, संपली, त्याच्या अगदी उंबरठ्यावर ही गोष्ट थांबते, हे मराठी प्रेक्षकाच्या ध्यानात येण्यासारखे आहे.

प्रश्न : ‘लपाछपी’ पाहिला आणि अस्वस्थ झाले. स्त्रीभ्रूणहत्येसारख्या विषयाचा करमणुकीसाठी वापर करणे योग्य आहे का? — एक वाचक, लातूर

उत्तर : ताई, आपली अस्वस्थता मला योग्यच वाटते. विशाल फुरिया यांच्या या चित्रपटात (२०१७) दिवस भरत आलेली नेहा नवऱ्याच्या कर्जापायी उसाच्या फडातल्या एका एकाकी घरात येऊन राहते. तिथली तुळसाबाई तिचे डोहाळेही पुरवते आणि तिने काय करायचे, कुठे जायचे, हेही ठरवते. उषा नाईक यांनी ही बाई इतकी घरगुती केली आहे की तिच्या मायेतला धाक ओळखायला वेळ लागतो. पुढचे रहस्य मी फोडत नाही. एवढेच म्हणतो, की लहान मुलांची भुते दचकवतात, पण अंगावर काटा येतो तो मोठ्या माणसांच्या शांत बोलण्याने.

माझा आक्षेप वेगळा आहे. गर्भलिंगनिदानावर कायदा करणारे महाराष्ट्र हे देशातले पहिले राज्य होते. तो कायदा १९८८ चा, तर केंद्राचा १९९४ चा. तरीही सहा वर्षांपर्यंतच्या मुलांमध्ये दर हजार मुलग्यांमागे मुलींची संख्या राज्यात २००१ च्या जनगणनेत ९१३ होती, ती २०११ मध्ये ८९४ झाली. बीड जिल्ह्यात ती ८०७ होती. ही घसरण शाप, जुना वाडा आणि अंधश्रद्धा यांनी झालेली नाही. तिला सोनोग्राफीचे यंत्र लागले, पदवीधर डॉक्टर लागले आणि शिकलेली, पगारदार कुटुंबे लागली. चित्रपटाने हा गुन्हा रस्ता चुकेल अशा फडात नेऊन ठेवला, त्यामुळे पुण्या-मुंबईच्या मल्टिप्लेक्समध्ये बसलेल्या प्रेक्षकाला हे ‘त्यांच्याकडचे’ आहे, अशी समजूत करून घेता आली. फुरिया यांनीच २०२१ मध्ये ‘छोरी’ या नावाने त्याचा हिंदी अवतार केला, त्यातही ऊस तसाच राहिला.

वापर योग्य की अयोग्य, याचे माझे उत्तर विषयावर अवलंबून नाही. हा गुन्हा मी याहून धीटपणे दाखवलेला पाहू इच्छितो : शहरातला तपासणी कक्ष, भिंतीवर कायद्याची पाटी, आणि ती वाचूनही आत जाणारे कुटुंब. असा मराठी भयपट कोणी काढला, तर तो मी पहिल्याच दिवशी पाहीन.