थकलेल्या परिचारिकेने फिरतीचे काम धरावे का?

प्रश्न : मी टेक्सासमधील एका रुग्णालयात नऊ वर्षे मेडिकल-सर्जिकल वॉर्डात पूर्णवेळ नर्स आहे. एकेका शिफ्टला सहा, कधी सात पेशंट वाट्याला येतात. गेल्या हिवाळ्यापासून बारा तासांची ड्युटी संपली की मी पार्किंगमध्ये गाडीत नुसती बसून राहते. किल्ली हातात असते, पण गाडी सुरू करण्याइतकेही बळ उरत नाही. अलीकडे हँडओव्हर देताना पेशंटचे नाव न घेता मी ‘बारा नंबर’ म्हणते, आणि त्याची लाजही वाटेनाशी झाली आहे. एका एजन्सीचा रिक्रूटर आठवड्यातून दोनदा फोन करतो आणि तेरा आठवड्यांचा करार, आताच्या दीडपट पैसे आणि हवे ते शहर देऊ करतो. मी ट्रॅव्हल नर्स, म्हणजे एजन्सीच्या थोड्या मुदतीच्या करारांवर ठिकठिकाणच्या रुग्णालयांत काम करणारी नर्स, व्हावे का? आणि हा मनुष्य माझ्या भल्याचे बोलतो आहे की स्वतःच्या कमिशनचे?
– एक वाचक, टेक्सास

उत्तर : तुमच्या पत्रातील ‘बारा नंबर’ या दोन शब्दांपाशी मी बराच वेळ थांबले. क्रिस्टिना मॅस्लॅक आणि सुझन जॅक्सन यांनी १९८१ मध्ये बर्नआउट, म्हणजे कामाने पुरते खचून जाणे, मोजण्याची जी प्रश्नावली तयार केली, तिच्यात तीन गोष्टी पाहिल्या जातात : भावनिक थकवा, समोरच्या माणसाकडे वस्तूसारखे पाहू लागणे, आणि आपल्या हातून काही चांगले होत नाही ही भावना. पार्किंगमधले बसून राहणे ही पहिली गोष्ट आणि ‘बारा नंबर’ ही दुसरी. तिसरीबद्दल तुम्ही लिहिलेले नाही, पण लाज वाटेनाशी झाली हे तुम्हाला खुपते आहे, यावरून तुमच्यातली परिचारिका शाबूत आहे असेच मी समजते.

हा तुमच्या स्वभावातला उणेपणा नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बर्नआउटची नोंद आजार म्हणून न करता कामाच्या जागी आटोक्यात न आलेल्या दीर्घ ताणाचा परिणाम म्हणून केली. लिंडा एकेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पेन्सिल्व्हेनियातील १६८ रुग्णालयांचा अभ्यास करून २००२ मध्ये असे दाखवले, की एका नर्सच्या वाट्याचा एक रुग्ण वाढला, की शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णाच्या तीस दिवसांत मृत्यूची शक्यता सुमारे ७ टक्क्यांनी आणि नर्सच्या बर्नआउटची शक्यता सुमारे २३ टक्क्यांनी वाढलेली आढळते. तुम्ही तर सहा-सात पेशंट सांभाळता आहात.

आता फिरतीच्या कामाबद्दल. रुग्णालये ट्रॅव्हल नर्सला बोलावतात ती माणसे कमी पडतात तेव्हाच, आणि ती का कमी पडली, यावर तुमचे तेरा आठवडे कसे जातील हे ठरते. दोघी-तिघी बाळंतपणाच्या रजेवर आहेत म्हणून निघालेली जागा वेगळी, आणि असह्य होऊन सगळे सोडून गेले म्हणून निघालेली जागा वेगळी. जाहिरातीत मात्र दोन्ही सारख्याच दिसतात. त्यांतला फरक सांगू शकतो तो रिक्रूटर, आणि त्याचे खरे मोल मला इथेच दिसते.

तो कमिशनवर काम करतो, हे खरे आहे. रुग्णालय एजन्सीला तासाचा ठरावीक दर देते, आणि त्यातूनच तुमचा पगार, राहण्या-जेवणाचा भत्ता, विमा आणि एजन्सीचा वाटा निघतो. म्हणून त्याचे हित आणि तुमचे हित एक नाही. पण तुम्ही वर्षानुवर्षे त्याच्यामार्फत काम केलेत तर त्याचाही लाभ असतो, आणि जाणता रिक्रूटर हे ओळखून वागतो. मी स्वतः ट्रॅव्हल नर्स होते तेव्हा माझ्या दुसऱ्या करारात तासांची हमी लिहिलेली नव्हती. तिसऱ्या आठवड्यात रुग्णालयाने माझ्या दोन शिफ्ट आयत्या वेळी रद्द केल्या, भाडे मात्र भरून झालेले होते, आणि आदल्या महिन्यात रोज फोन करणारा रिक्रूटर आता फोन उचलेना. त्यानंतर भेटलेल्या रिक्रूटर बाईंनी पहिल्याच बोलण्यात सांगितले, की तुम्ही मागता आहात त्या वॉर्डातून माझ्या दोन नर्स सहा आठवड्यांत परत आल्या आहेत, तिथे मी तुम्हाला पाठवणार नाही. त्या जागेचे कमिशन त्यांनी सोडले आणि मी पुढची सहा वर्षे त्यांच्यामार्फतच काम केले.

तुम्हाला फोन करणाऱ्या गृहस्थांना एवढेच विचारा : या वॉर्डात तुमच्या किती नर्स गेल्या, त्यांपैकी किती जणींनी मुदत वाढवून घेतली, आणि त्यांतल्या एकीशी माझे बोलणे करून द्याल का? उत्तर टाळले तर पुढे जाऊ नका. उत्तर मिळाले तर हमीचे तास, करार रद्द करण्याच्या अटी, आणि फ्लोट करायचे, म्हणजे गरजेप्रमाणे दुसऱ्या वॉर्डात कामाला जायचे झाल्यास कोणत्या वॉर्डांत, हे सारे करारात लिहून घ्या. फिरतीवर आलेल्या नर्सला वॉर्डाची ओळख करून घ्यायला पुष्कळदा एक-दोन शिफ्टच मिळतात आणि फ्लोट होण्याची पाळीही बहुधा तिच्यावरच आधी येते. रुग्णसंख्येची चिंता असेल तर कॅलिफोर्नियाचा विचार करा. तिथे २००४ पासून नर्समागे रुग्णांची मर्यादा कायद्याने बांधलेली आहे आणि मेडिकल-सर्जिकल वॉर्डात ती पाचाची आहे. मात्र तुमचा टेक्सासचा बहुराज्यीय परवाना तिथे चालत नाही आणि वेगळा परवाना काढण्यात वेळ जातो. हे तुम्ही विचारण्याआधी जो रिक्रूटर सांगतो, तो कामाचा.

‘दीडपट पैसे’ हा आकडाही उकलून पाहा. त्यातला मोठा भाग करमुक्त भत्ता असतो, आणि तो करमुक्त राहतो ते टेक्सासमध्ये तुमचे घर खरोखर चालू असेल, त्याचा खर्च तुम्ही करत असाल तरच. करपात्र पगार कमी दिसला की घरकर्ज मिळणे अवघड होते आणि पुढच्या सोशल सिक्युरिटीच्या (सरकारी निवृत्तिवेतनाच्या) हिशेबातही तो कमीच धरला जातो.

तरीही, आज सही करू नका. आधी डॉक्टरांना भेटा, कारण बर्नआउट आणि नैराश्य बाहेरून सारखेच दिसतात, आणि नैराश्य घेऊन अनोळखी गावातल्या भाड्याच्या खोलीत एकटीने राहणे धोक्याचे आहे. जगणे नकोसे वाटू लागले तर कोणत्याही क्षणी ९८८ या अमेरिकेतील मदतवाहिनीच्या क्रमांकावर फोन किंवा संदेश करा. डॉक्टरांनी प्रकृतीचे गंभीर कारण प्रमाणित केले, तर कौटुंबिक व वैद्यकीय रजेच्या १९९३ च्या कायद्याने तुम्हाला वर्षात बारा आठवड्यांची बिनपगारी पण नोकरी सुरक्षित ठेवणारी रजा मिळू शकते. त्यासाठी मालकाकडे बारा महिने नोकरी आणि मागच्या वर्षभरात १,२५० तास काम भरावे लागते. नऊ वर्षांत ते तुम्ही कमावले आहे. एजन्सीकडे गेलात की हा हिशेब पहिल्यापासून सुरू होतो. रिक्रूटर बारा आठवड्यांनीही फोन करील.

प्रश्न : माझी मुलगी ॲरिझोनात ट्रॅव्हल नर्स आहे. एकाच रुग्णालयात तिचे तेरा आठवड्यांचे चार करार सलग झाले आणि रिक्रूटर पाचव्यासाठी आग्रह करतो आहे. ती फार थकली आहे, पण मध्ये खंड पडला तर एजन्सीचा आरोग्यविमा जाईल असे म्हणते. मी तिला काय सांगू?
– एक वडील

उत्तर : तेरा चोक बावन्न, म्हणजे वर्ष पुरे झाले. एकाच जागी वर्षाहून अधिक राहणार असे ठरले की करखात्याच्या दृष्टीने ते काम तात्पुरते राहत नाही आणि त्यापुढचा भत्ता करपात्र होतो. रिक्रूटरने हे तिला सांगितले आहे का, ते तिला आधी विचारा. सांगितले नसेल तर तिने दुसरा रिक्रूटर पाहावा. एजन्सी न बदलताही तशी मागणी करता येते, आणि एजन्सी तीच राहिली तर वरच्या उत्तरातील रजेचे महिने आणि तासही तिच्या खात्यात धरले जातात. दोन करारांमधल्या दिवसांत विमा चालू राहतो की नाही, हे एजन्सीगणिक बदलते. काही एजन्सी पुढचा करार ठरलेला असल्यास थोड्या दिवसांचा खंड चालवून घेतात. म्हणून तिने पुढचा करार दुसऱ्या गावाचा घ्यावा, तो सुरू होण्याची तारीख तीन आठवडे पुढची मागावी, आणि त्या तीन आठवड्यांतला विमा चालू राहील असे एजन्सीकडून ईमेलवर लिहून घ्यावे. त्या काळात तिला तुमच्याकडे बोलावून घ्या, आणि पहिले चार दिवस तिला नुसते झोपू द्या.