सारखी सरकारं बदलणाऱ्या देशाच्या करारांवर भरवसा ठेवावा का?

सरकार किती वेळा पडतं यापेक्षा करार कशाच्या जोरावर उभा आहे, ते आधी बघा. इटलीत दुसऱ्या महायुद्धानंतर साठहून जास्त सरकारं आली-गेली. पण १९४९ च्या नाटो करारातून किंवा युरोपीय आर्थिक समुदाय उभा करणाऱ्या १९५७ च्या रोम करारातून एकानेही अंग काढून घेतलं नाही.

उलट अमेरिका. तिथे राष्ट्राध्यक्षाची मुदत ठरलेली, चार वर्षं. तरीही इराणशी २०१५ साली झालेला अणुकरार तिने मे २०१८ मध्ये सोडला, आणि तोही आंतरराष्ट्रीय निरीक्षक इराण अटी पाळतोय असं सांगत असताना! सिनेटने, म्हणजे अमेरिकी संसदेच्या वरिष्ठ सभागृहाने, दोन-तृतीयांश मतांनी संमत केलेला तह तो नव्हताच. एका राष्ट्राध्यक्षाने केला, दुसऱ्याने मोडला. पॅरिस हवामान कराराचीही तीच गत: नोव्हेंबर २०२० मध्ये बाहेर, फेब्रुवारी २०२१ मध्ये परत आत, जानेवारी २०२५ मध्ये पुन्हा माघारीचा आदेश.

मला यातलं नुकसान फार मोठं वाटतं. २०२१ मध्ये व्हिएन्नात अणुकरारावर पुन्हा बोलणी सुरू झाली, तेव्हा इराण हमी मागत होता की पुढचा राष्ट्राध्यक्ष शब्द फिरवणार नाही. बायडेन प्रशासनाला ती देता आली नाही.